मी शेंगा खाल्ल्या नाहीत!

मी महाविद्यालयात मराठी शिकविते. बोलणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी माझी ख्याती मोठी सभाधीट बाई म्हणून आहे. सोसायटीच्या गणपतीत पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा असो, कोणाच्या एकसष्टीला दोन शब्द बोलायचे असोत, बोलावणे हमखास मला येते. “तुम्हांला काय हो, तुमच्या हातचा मळ!” असे वर ऐकवलेही जाते.

मी हसते आणि ‘बरं’ म्हणते. परंतु आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपाशी खरे काय ते सांगून टाकते. माझे नाव पुकारले जाते तेव्हा आजही माझ्या पोटात गोळा येतो. जिभेला कोरड पडते. खुर्चीपासून ध्वनिक्षेपकापर्यंतची पाच पावले मला पाच मैलांसारखी वाटतात. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, मला भुईमुगाच्या शेंगा आठवतात.

त्याचे असे झाले. मी पाचवीत होते. आमच्या शाळेत १ ऑगस्टला लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त वक्तृत्वस्पर्धा असे. महाराष्ट्रातल्या निम्म्या मुलांनी आयुष्यातले पहिले भाषण याच दिवशी केलेले असते, आणि त्यातल्या बहुतेकांनी शेंगांच्या टरफलांचीच गोष्ट सांगितलेली असते. माझे भाषण वडिलांनी लिहून दिले होते, आणि आईने पोळ्या लाटता लाटता ते माझ्याकडून घोकून घेतले होते. घरी ते मी झोपेतसुद्धा म्हणत होते.

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत सारे ठीक चालले. गुरुजी वर्गात आले, टरफले पाहून रागावले, सर्वांना टरफले उचलायला सांगितले. बाळ टिळक ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, “मी शेंगा खाल्ल्या नाहीत!”

पुढचे वाक्य गेले. कुठे गेले कोण जाणे. मी वर पाहिले, तर चारशे डोळे माझ्याकडे लागलेले. मी पुन्हा म्हणाले, “मी शेंगा खाल्ल्या नाहीत.” मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. मी तिसऱ्यांदा म्हणाले, “मी शेंगा खाल्ल्या नाहीत!” आणि या खेपेला माझा आवाज असा काही रडवेला झाला की जणू शेंगांची चोरी माझ्यावरच आली होती. सारे सभागृह हसले. परीक्षक हसले. आमचे एक गुरुजी मोठ्याने म्हणाले, “बरं बाई, नाही खाल्ल्यास. बस खाली!”

त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत माझे नाव ‘शेंग’ पडले.

आज हे सांगताना मलाही हसू येते. पण त्या हसण्याची किंमत मी पुढे दहा वर्षे मोजली. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. महाविद्यालयात माझा एक निबंध सर्वांसमोर वाचायचे ठरले, त्या दिवशी मी डोके दुखण्याचे निमित्त काढून घरी राहिले आणि तो माझ्या मैत्रिणीने वाचला. टाळ्या तिला मिळाल्या. मी घरी आईला चहा करून दिला आणि काही बोलले नाही.

अंगाला कापरे का सुटते?

सभेत उभे राहिल्यावर होते तरी काय? हार्वर्ड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भय, राग आणि भूक यांनी शरीरात कोणते बदल होतात यावर एक ग्रंथ लिहिला. संकट समोर दिसले की प्राणी एक तर लढतो, नाही तर पळतो. दोन्हींसाठी शरीर क्षणार्धात सज्ज व्हावे लागते. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन लहानशा ग्रंथी आहेत, त्या अशा वेळी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात. हृदय जोराने धावू लागते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, पचनाचे काम थांबते, तोंडातली लाळ आटते.

म्हणजे छातीतली धडधड, ओठांची कोरड, पोटातला गोळा, हातांचा कंप ही काही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत. वाघ समोर आला असता तर याच गोष्टींनी आपल्याला वाचविले असते. अडचण एवढीच, की समोर वाघ नसून सोसायटीचे चिटणीस आणि त्यांची मंडळी बसलेली असतात. त्यांच्याशी लढताही येत नाही आणि त्यांच्यापासून पळताही येत नाही. मग तयार झालेली ती सारी शक्ती हातातल्या कागदाला कापरे भरविते.

दुसरी गोष्ट मला अधिक दिलासा देणारी वाटली. आपल्याला वाटते, आपली ही अवस्था साऱ्या जगाला दिसते आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असे चित्र छापलेला सदरा घालून इतर मुले बसलेल्या खोलीत पाठवायचे, आणि नंतर विचारायचे, किती जणांचे लक्ष गेले असेल? सदरा घालणाऱ्यांचा अंदाज असे, निम्म्या मुलांचे. प्रत्यक्षात ते चित्र जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लक्षात राहिलेले असे.

याच गिलोविच यांनी केनेथ सॅव्हिट्स्की यांच्याबरोबर २००३ साली भाषणाच्या भीतीवर काम केले. काही विद्यार्थ्यांना भाषणापूर्वी एवढेच समजावून सांगितले, की तुमच्या मनातली घालमेल तुम्हांला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. ज्यांना हे सांगितले, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली, आणि ऐकणाऱ्यांनीही तसा निर्वाळा दिला. पुढे २०१४ साली अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी दाखविले, की बोलण्यापूर्वी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणारा माणूस अधिक चांगला बोलतो. धडधड थांबवू नये, तिला दुसरे नाव द्यावे, हा त्यातला मथितार्थ.

एका बॅरिस्टराची फजिती

हे झाले प्रयोगशाळेतले. पण भीतीच्या बाबतीत मला खरा धीर दिला तो गांधीजींच्या आत्मकथेने. लंडनला असताना हे तरुण विद्यार्थी तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, पण सभेत तोंड उघडेल तर शपथ. एकदा महत्त्वाच्या प्रश्नावर आपले म्हणणे त्यांनी लिहून नेले, तेही दुसऱ्याला वाचावे लागले. १८९१ साली लंडन सोडताना त्यांनी मित्रांना मेजवानी दिली. विनोदी भाषण योजून ठेवले होते. पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकली नाही. मुंबईला आल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले, तो डोके गरगरू लागले. खाली बसले आणि घेतलेली फी परत केली.

हाच मनुष्य १८९३ साली प्रिटोरियाला हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत उभा राहिला आणि व्यवस्थित बोलला. आयुष्यातले आपले पहिले जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचाच उल्लेख केला आहे. दोन वर्षांत असे काय बदलले? वक्तृत्वाचा वर्ग तर त्यांनी लावला नव्हता. मला वाटते, लंडनला ‘माझे कसे होईल’ हा प्रश्न होता आणि प्रिटोरियाला ‘या माणसांचे कसे होईल’ हा. बोलणाऱ्याचे लक्ष स्वतःवरून उठून समोरच्यांवर गेले, की भीतीला बसायला जागा उरत नाही.

मला हे फार उशिरा उमगले. एम.ए. झाल्यावर पोटासाठी अध्यापनाची नोकरी धरली. पहिल्या दिवशी पाऊण तासासाठी काढलेली टिपणे मी सतरा मिनिटांत संपविली. हातातले कागद असे थरथरत होते, की पहिल्या बाकावरच्या मुलींना वारा लागत असेल. मी गप्प उभी राहिले. आता हसतील, अशी मी वाट पाहत होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक उंच मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, पाणी आणू का?”

कोणी हसले नाही. तो पाणी घेऊन येईपर्यंत सारा वर्ग शांत बसून होता. त्या पाण्याने माझी नोकरी वाचविली असे म्हटले तरी चालेल.

जे मी स्वतः केले

त्यानंतर वीस वर्षांत काही गोष्टी अनुभवाने शिकले. भाषण कधीही पूर्ण पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणातला एक दुवा निखळला की सारी साखळी विहिरीत जाते, हे मी पाचवीतच सिद्ध केले होते. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक तेवढे पाठ असावे. मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहावेत. जाड कागद थरथरत नाही. तयारी मनातल्या मनात करू नये. उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करावी. मनातले भाषण नेहमीच उत्तम होते, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. सभागृहात थोडे आधी जावे, रिकाम्या खुर्च्या पाहून घ्याव्यात, एकदोघांशी बोलावे. मग समोर ‘श्रोतृवृंद’ राहत नाही, ओळखीची माणसे राहतात. उभे राहिल्यावर लगेच सुरुवात करू नये. श्वास सावकाश बाहेर सोडावा, एक चेहरा शोधावा आणि पहिले वाक्य त्या चेहऱ्याला सांगावे.

एवढे केले म्हणजे भीती जाते का? नाही. पण ती खुर्चीत बसून राहते आणि आपण उठून बोलायला जाऊ शकतो.

इथे हा लेख संपविला असता तर तो सोपा झाला असता. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती माझ्या कौतुकाची नाही.

या वेळी शेंगा कोणी खाल्ल्या?

काही वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी होती. हुशार, पण अबोल. डिसेंबरातल्या एका तासाला मी तिला उतारा वाचायला उभे केले. तिने वाचायला घेतले आणि ‘पाणी’ या शब्दाचा उच्चार ‘पानी’ असा केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मला राहवले नाही. मी म्हणाले, “अगं, ‘पानी’ प्यायचं असेल तर हिंदीच्या तासाला जा!”

वर्ग खळखळून हसला. माझा विनोद साधला, म्हणून मीही हसले. ती खाली बसली.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा होती. गुणपत्रकात तिच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ असे लिहीत होते, तेव्हा आमचे शिपाईमामा म्हणाले, “मॅडम, त्या आल्या होत्या की. अर्धा तास दाराबाहेर उभ्या होत्या. मग गेल्या.”

माझा हात तिथेच थांबला. तो बंद दरवाजा, बाहेर उभी असलेली ती मुलगी, हातातली वही... हे सारे मी ओळखत होते. डिसेंबरापासून ती वर्गात एक शब्दही बोलली नव्हती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. माझ्या त्या गुरुजींना मी इतकी वर्षे मनातल्या मनात दोष देत आले होते. या वेळी शेंगा मी खाल्ल्या होत्या. तेव्हा टरफलेही मीच उचलायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावले. ती दारात उभी राहिली. मी म्हणाले, “ये, बस. परीक्षेचं नंतर पाहू. त्या दिवशी वर्गात मी तुला बोलले, ते चुकलं माझं.” ती काही बोलली नाही. खाली पाहत राहिली. मग मी तिला माझी शेंगांची गोष्ट सांगितली, तीन वेळा म्हटलेल्या वाक्यासकट. ऐकता ऐकता तिचे ओठ हलले. शेवटी तिने विचारले, “मग टरफलं कोनी उचलली, मॅडम?”

“अजून पडली आहेत,” मी म्हणाले. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

बोलता बोलता कळले, की तिची आजी निरक्षर आहे आणि सुटीत गावी गेली की ही रोज संध्याकाळी तिला अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ कादंबरी वाचून दाखविते. शेजारच्या चारदोन बायकाही येऊन बसतात. मी थक्क झाले. जी मुलगी माझ्यासमोर एक उतारा वाचू शकत नव्हती, ती तिकडे ओसरीवर सभा गाजवीत होती! तिला बोलता येत नव्हते असे नव्हेच. आमच्यासमोर बोलता येत नव्हते, आणि ती अडचण तिची नसून आमची होती.

लोकमान्य गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगावला अण्णा भाऊंचा जन्म झाला. आमच्या महाविद्यालयात त्या तारखेला दोघांचेही स्मरण करतात. मी तिला म्हणाले, “यंदा अण्णा भाऊंवर तू बोल. तुझ्या भाषेत बोल. शाळेची पायरी जेमतेम दीड दिवस चढलेला तो माणूस ज्या भाषेत लिहीत होता, तिची लाज आपण कशाला बाळगायची?” तिने मान हलविली ती ‘नाही’ अशी. पण जुलैत ती आपण होऊन आली.

तीन आठवडे आम्ही रिकाम्या वर्गात तयारी केली. श्रोते दोनच, मी आणि शिपाईमामा. मी तिला एवढेच सांगितले, “समोर आजी बसली आहे असं समज. तिला जे सांगशील तेच सांग.” आणि दुसरी तयारी मी माझ्या वर्गाची केली. त्यांना मी माझी चूक सांगितली आणि एक नियम घालून दिला. बोलणारा अडखळला तर हसायचे नाही, सुचवायचे नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. थांबायचे.

१ ऑगस्टला ती उभी राहिली. हात कापत होते. सुरुवात चांगली झाली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी लढणाऱ्या फकिराची गोष्ट ती सांगू लागली, आणि मध्येच थांबली. पुढचे वाक्य गेले. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसले. ज्याचे असे वाक्य एकदा गेले आहे त्याला ते दिसतेच. माझ्या पोटात जो गोळा आला, तसा माझ्या स्वतःच्या भाषणाच्या वेळीही कधी आला नव्हता. सभागृहात दोनशे मुले होती. एकही हसले नाही. कोणी खोकलेसुद्धा नाही.

किती वेळ गेला असेल? दहा सेकंद, फार तर पंधरा. मग ती म्हणाली, “इथं आमची आजी मला थांबवती आनि पदरानं डोळं पुसती. मग मी पुढं वाचती.” आणि पुढे बोलू लागली. ‘पानी’ हा शब्द दोनदा आला. कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही, माझ्याखेरीज. आणि मला तो या खेपेला फार गोड वाटला.

कार्यक्रम संपल्यावर मी विचारले, “भीती वाटली का गं?”

“लई वाटली, मॅडम. आत्ता बी वाटतीय.” मग जरा थांबून म्हणाली, “पन बोलून झालं न्हवं!”

ऐकणाऱ्यांचे काम

आपण बोलणाऱ्याला धीट व्हायला सांगतो. त्याच्यासाठी वर्ग काढतो, पुस्तके लिहितो. पण महाराष्ट्रात बोलण्याची परंपरा उभी राहिली ती काय नुसत्या वक्त्यांवर? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ऐकणारे आले म्हणून टिकली. आणि त्याच रानड्यांच्या घरी, रमाबाईंनी सभेत इंग्रजी भाषण वाचून दाखविले म्हणून घरातल्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. त्यांची खरी कसोटी सभेत झाली नाही, माजघरात झाली. माणसाचा आवाज व्यासपीठावर जातो त्याच्या पुष्कळ आधी तो घरात बसतो, नाही तर घरातच उमलतो.

आता चार दिवसांनी तुमच्या घरी फराळाला पाहुणे येतील. चकलीची बशी पुढे सरकवीत तुम्ही लेकराला म्हणाल, “ती कविता म्हणून दाखव ना काकांना!” लेकरू आईच्या मागे लपेल. “घरी तर इतकी छान म्हणते!” असे तुम्ही म्हणाल, आणि सगळे हसतील. तेवढे हसू या वर्षी गिळून टाका. त्याला नको असेल तर राहू द्या. आणि म्हणू लागले, तर बशीतला हात बाजूला घेऊन ऐका. मध्ये अडखळले, तर पुढची ओळ सांगण्याची घाई करू नका. थोडे थांबा. ओळ परत येते.

माझी यायला दहा वर्षे लागली. तुमच्या लेकराची दहा सेकंदांत येईल.